लिंबाचा हिवाळा

दरवर्षी पौष-माघाच्या सुमारास मिरा-भाईंदरच्या कोणत्याही वस्तीत एक तक्रार हमखास कानी पडते. ‘लिंबाचे झाड लावून पाच वर्षे झाली, पाने कशी तुकतुकीत आहेत, रोज पाणी घालतो, खतही देतो, पण फुलाचे नाव नाही!’ कोणी म्हणतो, झाड वांझ आहे. कोणी म्हणतो, दृष्ट लागली. या तक्रारीचे उत्तर वनस्पतिशास्त्राने दिले आहे. परंतु आपल्या बागाईतदाराने ते त्याच्या पुष्कळ आधी व्यवहारात आणले होते, आणि म्हणूनच हा विषय जितका बागेचा तितकाच इतिहासाचा आहे.

लिंबू, संत्रे, महाळुंग, पपनस या सगळ्या एकाच कुळातल्या भावंडांचे मूळ घर ईशान्य भारत, ब्रह्मदेश आणि चीनचा युनान प्रांत या डोंगरपायथ्याच्या प्रदेशात असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. तेथून हे कूळ जगभर पसरले, ते आपले नावही बरोबर घेऊन. संस्कृतातले ‘नारंग’ फारसीत गेले, अरबीत ‘नारंज’ झाले, आणि स्पेनमार्गे युरोपात शिरून इंग्रजीत ‘ऑरेंज’ होऊन बसले. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातली फळे वर्णिताना नारंज, लिंबू, तुरुंज यांच्याबरोबर ‘संगतरा’ही नोंदला आहे. तेव्हा ‘संत्रे’ हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला, ही कल्पना मान्य करणे अवघड जाते. मात्र मोसंबीचे नाव मोझांबिकवरून पडले असे सामान्यतः मानतात, आणि तो मुलूख पोर्तुगीजांचा होता. भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईत त्यांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत टिकला. फळांची अशी देवघेव ज्या समुद्रमार्गांनी झाली, त्यांच्या काठावरच आपले हे शहर उभे आहे.

युरोपात या झाडांपुढे प्रश्न होता तो थंडीतून जगण्याचा. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात संत्र्यांच्या कुंड्यांसाठी खास दगडी दालन बांधले गेले. हिवाळा आला की झाडे आत, उन्हाळा आला की बाहेर. अमेरिकेतल्या फ्लॉरिडात १८९४च्या डिसेंबरात आणि १८९५च्या फेब्रुवारीत अशा दोन कडाक्याच्या लाटा आल्या की, बागाच्या बागा जळून गेल्या. पहिल्या लाटेनंतर झाडांना नवी पालवी फुटू लागली होती, ती दुसरीने मारली.

यावरून थंडी ही या कुळाची वैरीण, असे वाटेल. पण ते अर्धेच सत्य आहे. जी थंडी गोठवते ती मारते. जी नुसती गारवा देते ती फळ देते. हवा तेरा अंशांच्या खाली गेली की या झाडांची वाढ जवळजवळ थांबते. सफरचंदाप्रमाणे ती पाने टाकून झोपी जात नाहीत. हिरवीच राहतात, पण नवी पालवी काढीत नाहीत. पानांनी तयार केलेले अन्न खर्च न होता फांद्यांत साठते. अशी काही आठवड्यांची विश्रांती मिळाली की, एरवी ज्या डोळ्यांतून पाने फुटावयाची, त्यांतल्या पुष्कळांतून कळ्या निघतात. पुढे ऊब आणि पाणी मिळताच बहर येतो.

विदर्भाचे संत्रे या नियमाचे उत्तम उदाहरण होय. नागपूरकर रघुजी भोसल्यांनी औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) झाडे आणून आपल्या बागेत लावली, अशी परंपरा सांगतात. पुढे काटोल, वरूड, मोर्शी या भागांत संत्र्याची बागाईत पसरली. नागपुरात जानेवारीतल्या रात्री सरासरी बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतात. त्या गारव्यानंतर येतो तो आंबिया बहार. आंबा मोहरतो त्याच सुमारास येणारा, म्हणून हे नाव. पण शेतकरी एका बहारावर थांबला नाही. त्याने ताण देण्याची युक्ती काढली. भर उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडावयाचे. पाने मलूल होतात, काही गळतात. मग मृगाचा पाऊस पडला की झाड फुलांनी भरते. हा मृग बहार. हस्त नक्षत्राच्या सुमारास धरतात तो हस्त बहार. लिंबाला तो मोलाचा, कारण फळ ऐन उन्हाळ्यात हाती येते. पण पावसाळ्यात ताण बसणे कठीण, म्हणून तो साधतोही क्वचित.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, थंडीचे काम शेतकऱ्याने तहानेकडून करवून घेतले. १९८६ साली साउथविक आणि डेव्हनपोर्ट या दोघा संशोधकांनी फ्लॉरिडात लिंबाच्या झाडांवर प्रयोग करून दाखविले की, गारवा आणि पाण्याचा ताण या दोहोंपैकी कशानेही फुले धरविता येतात. प्रयोगशाळेचा हा निष्कर्ष आला, तेव्हा आपल्याकडे बहारांची नावेही जुनी झाली होती.

आता आपल्या शहराकडे वळू. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी. त्यामुळे रात्री फारशा गार होत नाहीत. जवळच्या सांताक्रूझला १९६२च्या जानेवारीत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, पण तो अपवाद. एरवी जानेवारीतले किमान तापमान सतरा अंशांच्या आसपास असते. येथे संत्रे लावून नागपूरची अपेक्षा करणे व्यर्थ. कागदी लिंबू मात्र थंडीची फारशी वाट पाहत नाही. त्याला ताण पुरतो. आणि तोच आपण मिळू देत नाही! कुंडीला रोज पाणी घालून आपण झाडाला बारमाही पावसाळ्यात ठेवतो; ते पाने काढीत राहते. पावसाळा सरला, थंडी पडू लागली की पाणी तोडावे. कुंडीतली माती लवकर सुकते, म्हणून पाने मलूल दिसताच थांबावे. मग थोडे पाणी, थोडे खत, आणि नंतर नेहमीचा क्रम. झाड बियांपासून वाढविलेले असेल तर आणखी काही वर्षे धीर धरावा. शिवाय भाईंदर हे मिठागरांचे गाव. या कुळाला खारटपणा सोसत नाही, तेव्हा कूपनलिकेचे मचूळ पाणी टाळलेले बरे.

अलीकडे हिवाळ्याचा भरवसा उरलेला नाही. थंडी उशिरा येते, लवकर जाते. ऐन ताणाच्या दिवसांत अवकाळी पाऊस पडतो आणि बागाईतदाराचे वर्ष वाया जाते. आपल्या गॅलरीतल्या एका कुंडीचा बहार चुकला तर आपण बाजारातून लिंबे आणतो. वरूडच्या शेतकऱ्याला ती सोय नाही. आंबिया, मृग, हस्त ही नावे म्हणजे पिढ्यांच्या निरीक्षणाने बनविलेले पंचांग आहे, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत चुकू लागले आहे. म्हणून यंदा लिंबाला फूल आले, तर कोणत्या तारखेस आले ते भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवा. असे पंचांग पूर्वी याच रीतीने तयार झाले. नवे करावयाचे झाले तरी दुसरी रीत नाही.