बंडखोरविषयक लोकगीते
राजसत्तेने बंडखोर वा दरोडेखोर ठरविलेल्या व्यक्तींचे चरित्र वीरकथेच्या रूपाने गाणारी गीते व पोवाडे. या गीतांत नायकाच्या कृत्यांना बहुधा दैवताचे अधिष्ठान दिलेले असते. त्यामुळे शासकीय दप्तरातील गुन्हेगार लोकमानसात न्यायाचा कैवारी ठरतो.

मराठीत या घाटाचे मूळ शिवकालीन पोवाड्यांत आढळते. आदिलशाही दरबाराच्या दृष्टीने शिवाजी महाराज बंडखोरच होते. पोलादपूरच्या वर घाटमाथ्यावर असलेल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी झालेल्या अफझलखानवधावर अज्ञानदासाने पोवाडा रचला. त्यात भवानीचा कौल हा पराक्रमाचा आधार आहे.

पुढे हीच दृष्टी उमाजी नाईक (१७९१–१८३२) यांच्या कथेत उतरली. पुरंदरच्या पायथ्याचे भिवडी हे त्यांचे गाव. १८१८ मध्ये पेशवाई संपली व गडाच्या राखणीचे रामोश्यांचे परंपरागत हक्क धोक्यात आले. त्यातून हे बंड उद्‌भवले. इंग्रजांनी उमाजींना एकदा माफी देऊन बंदोबस्ताच्या कामी नेमलेही होते. परंतु ते पुन्हा बंडाकडे वळले. डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळ ते पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. रामोश्यांचे दैवत जेजुरीचा खंडोबा. बेलभंडार उचलून घेतलेली शपथ मोडणे हे त्यांच्या लेखी महापाप होय. म्हणूनच लोककथेत धनिकाची लूट हा गुन्हा ठरत नाही, फितुरी मात्र अक्षम्य ठरते.

वासुदेव बळवंत फडके (१८४५–८३) यांनी १८७९ मध्ये रामोश्यांच्याच साहाय्याने बंड उभारले. ते फसल्यावर त्यांनी श्रीशैल येथे मल्लिकार्जुनाच्या चरणी देहार्पणाचा संकल्प केला व तेथेच आत्मचरित्र लिहिले.

अमेरिकेतही असेच दिसते. जेसी जेम्स हा लुटारू १८८२ मध्ये आपल्याच टोळीतील रॉबर्ट फोर्डच्या गोळीने मारला गेला. त्याच्यावरील लोकगीतात तो गरिबांचा मित्र व फोर्ड हा विश्वासघातकी भ्याड ठरला. वुडी गथ्री या गीतकाराने १९४० मध्ये त्याच चालीवर येशू ख्रिस्तावर गीत रचले; त्यात ख्रिस्त दरिद्री लोकांचा कैवारी असून ज्यूडास हा फितूर आहे. लुटारूच्या गीताची चाल अशा रीतीने देवपुत्राच्या कथेस लाभली.

या गीतांतील घटना प्रमाण मानता येत नाहीत. तथापि लोकांचा निवाडा जाणण्यास ती महत्त्वाचे साधन होत. हा निवाडा दुर्लक्षिण्याजोगा नाही. कॅप्टन मॅकिंटॉश याने १८३३ मध्ये रामोश्यांवर लिहिलेल्या ग्रंथापासून राज्यकर्त्यांच्या लेखनात एका व्यक्तीचे बंड संपूर्ण जमातीच्या स्वभावाशी जोडले गेले. वसाहतकालीन कायद्यांनी तर अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. हे कायदे १९५२ मध्ये रद्द झाले आणि महाराष्ट्रात रामोशी समाजाचा समावेश विमुक्त जातींत करण्यात आला. दप्तराने हिरावलेली प्रतिष्ठा मधल्या काळात गीतांनीच जपली होती.