छापखाना कोणाचा?

१/ नवे माध्यम आले की ते सर्वांना खुले आहे, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात यंत्र ज्याच्या मालकीचे, त्याचाच आवाज उमटतो. अमेरिकेत हा प्रश्न वंशाचा होता. म्हणून १८२७ साली न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांनी ‘फ्रीडम्स जर्नल’ हे स्वतःचे पत्र काढले. आपल्याकडे तो जातीचा होता. त्याला नागपुरात मिळालेल्या उत्तराची ही कथा.

२/ नागपूरजवळील मोहपा गावचे किसन फागूजी बनसोडे (१८७९–१९४६) यांनी १९१० साली स्वतःचा छापखाना काढला. ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ आणि पुढे १९३१ मध्ये ‘चोखामेळा’ ही पत्रे त्यांनी चालवली.

३/ स्वतःचाच छापखाना कशासाठी? ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. तरीही १९२३ साली पत्र बंद पडले. माध्यमात प्रवेश मिळवणे कठीण होते, टिकून राहणे त्याहून कठीण.

४/ १९५६ च्या फेब्रुवारीत ‘जनता’चे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले आणि १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. ती दीक्षाभूमी आपल्या प्रताप नगरपासून फार दूर नाही.

५/ २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. राष्ट्रीय माध्यमांनी पुरेशी दखल घ्यायला आठवडे लावले. त्या काळात ईमेल, ब्लॉग आणि मोबाइल संदेशांतून कार्यकर्त्यांनी वार्ता जगभर पोहोचवली. नोव्हेंबरमध्ये नागपूर रस्त्यावर उतरले. बनसोडे यांच्या छापखान्याचे काम आता संगणक करू लागला होता.

६/ फरक एकच, पण मोठा. बनसोडे यांचे यंत्र त्यांचे स्वतःचे होते. आज हाती फोन आहे, पण मंच कंपनीचा. कोणता मजकूर वर आणायचा आणि कोणते खाते बंद करायचे, हे मंचाचा मालक ठरवतो. आडनाव वाचून शिवीगाळ करणारेही तेथेच असतात.

७/ बनसोडे यांच्या पत्रांचे अंक आज दुर्मीळ आहेत. घरातील जुन्या पेटीत असा एखादा अंक सापडला, तर रद्दीत घालू नका. पानांची छायाचित्रे काढून एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि एक ग्रंथालयाला द्या.