चौक, आवार आणि घर : म्हैसूरच्या जुन्या विस्तारांचा विचार

जुने घर विकत घेऊ पाहणाऱ्या गृहस्थापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो : घर ऐसपैस असावे की घराभोवतीची जागा? म्हैसूर नगरीत हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. त्याची मुळे नगराच्या इतिहासात रुजलेली आहेत.

कन्नड भाषेत ज्याला 'तोट्टी मने' म्हणतात, त्या पारंपरिक घराची रचना मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. भिंती रस्त्याला आणि शेजारघराला भिडलेल्या, मध्ये आकाशाला खुला चौक, चौकाभोवती खांबांची पडवी आणि पडवीला लागून खोल्या. पुणे-साताऱ्याकडील वाड्याचेच हे नात्यातील रूप होय. येथे मोकळी जागा घराच्या पोटात असे. उजेड, वारा आणि पावसाचे पाणी वरून येई. त्यामुळे घराचे क्षेत्र वेगळे आणि जागेचे क्षेत्र वेगळे, असा हिशेब मांडण्याची वेळच येत नसे.

हा मेळ मोडला तो प्लेगने. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेली साथ १८९८ मध्ये म्हैसूर संस्थानात पोहोचली. दाट वस्ती हेच रोगाचे माहेर, अशी त्या काळच्या प्रशासकांची धारणा झाली. मुंबईत १८९८ मध्ये सुधार विश्वस्त मंडळ आले. म्हैसूरमध्ये चौथ्या कृष्णराज वडियारांच्या कारकिर्दीत, १९०३ मध्ये, तशाच धर्तीचे नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. मुंबईत दादर-माटुंग्याची आखणी झाली. म्हैसूरमध्ये जुन्या वस्तीबाहेर रुंद, सरळ रस्त्यांचे विस्तार वाढत गेले. लक्ष्मीपुरम, चामराजपुरम, कृष्णमूर्तीपुरम, पुढे वोंटिकोप्पल, जयलक्ष्मीपुरम, यादवगिरी ही नावे त्या वाढीची साक्ष देतात.

या विस्तारांत घर उलटे झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. चौक आतून बाहेर आला आणि त्याचे आवार झाले. घर मधोमध उभे राहिले. भोवती नारळ, आंबा, चाफा आणि फाटकाची भिंत. मंगळुरी कौले, चुन्यातील बांधकाम, सागवानी तुळयांवरील विटांचे मद्रास पद्धतीचे छत, लाल रंगाची गुळगुळीत जमीन ही त्याची अंगे. खोल्या मोजक्याच असत. ऐश्वर्य होते ते मोकळेपणाचे.

या मोकळेपणाचे दोन्ही गुण आर. के. नारायण यांच्या यादवगिरीतील घरात दिसतात. वरच्या मजल्यावरील अभ्यासिकेला त्यांनी चहूदिशांना पाहणाऱ्या आठ खिडक्या ठेवल्या. चामुंडी टेकडीपर्यंतचे दृश्य इतके मोहक ठरले की लेखनासाठी त्यांना पडदे ओढून घ्यावे लागले. बाहेरचा विस्तार हवासा वाटतो, परंतु काम होते ते आतल्या चार भिंतींत. घर निवडणाऱ्याने हा धडा विसरू नये.

पुढे काळ पालटला. जमिनीचे मोल वाढत गेले आणि बांधकामाचे मोल वर्षागणिक घटत गेले. परिणामी जुन्या घराची किंमत म्हणजे त्याखालील जमिनीची किंमत, असा व्यवहार रूढ झाला. त्यातच वारसांची वाटणी. चाळीस बाय साठ फुटांचा, म्हणजे २४०० चौरस फुटांचा, भूखंड घ्या. चारी बाजूंस पाच-पाच फूट सामासिक अंतर सोडल्यास इमारतीला १५०० चौरस फूट उरतात. तोच भूखंड दोन भावांत चाळीस बाय तीसचा होऊन वाटला गेला, तर प्रत्येकास ६०० चौरस फूट, दोघांना मिळून १२००. म्हणजे वाटणीत ३०० चौरस फूट केवळ भिंतीमधल्या पट्ट्यांत हरवतात. अंगण तर आधीच गेलेले असते. जागा मोठी घेणारा खरेदीदार ही पुढची पिढी नजरेआड करतो.

उलट, केवळ खोल्या मोजणाऱ्याचीही फसगत होते. मागाहून जोडलेल्या खोल्या, बंद केलेली पडवी, झाकलेला चौक यांनी क्षेत्रफळ वाढते. उजेड आणि वारा मात्र घटतात. ज्या दोषाच्या निवारणासाठी १९०३ मध्ये विस्तारांचा उपक्रम आरंभिला गेला, तोच दोष घराच्या आत परत येतो.

नारायण यांच्या घराचे भवितव्य या द्वंद्वाचा परिपाक ठरले. २०११ मध्ये ते पाडण्यास आरंभ झाला. नागरिकांनी व लेखकांनी आवाज उठविल्यावर ते काम थांबले, घर सार्वजनिक मालकीत आले आणि २०१६ मध्ये स्मारक म्हणून खुले झाले. मात्र प्रसिद्ध लेखकाची नाममुद्रा नसलेल्या शेकडो घरांसाठी असा आवाज उठत नाही. तेथे निर्णय खरेदीदाराचाच असतो. जमीन पाहून घर घेणारा बहुधा ते पाडतो. घर पाहून जमीन घेणारा बहुधा ते राखतो. म्हैसूरचे जुने विस्तार पुढे कसे दिसतील, हे या दोन नजरांपैकी कोणती प्रबळ ठरते त्यावर अवलंबून आहे.