विमानाच्या खिडकीची दुरुस्ती

प्रवासी विमानाच्या खिडकीत केबिनमधील हवेचा दाब पेलणारी पारदर्शक तावदाने, त्यांभोवतीचे रबरी सील आणि धातूची चौकट यांचा समावेश होतो. वापराने जुन्या झालेल्या या भागांची तपासणी, घासकाम, पॉलिश व बदल यांना मिळून खिडकीची दुरुस्ती म्हणतात. महाराष्ट्रात मोठ्या प्रवासी विमानांची सखोल देखभाल नागपूरच्या मिहान प्रकल्पात होते.

रचना : प्रवासी खिडकीला सामान्यतः तीन तावदाने असतात. बाहेरचे व मधले तावदान ताणलेल्या ॲक्रिलिकचे असते. ॲक्रिलिकचा पत्रा तापवून दोन्ही दिशांनी ताणला की त्यातील तडा सहजासहजी पसरत नाही. दाबाचा सारा भार बाहेरचे तावदान घेते. ते निकामी झाल्यास मधले तो पेलते. मधल्या तावदानाच्या खालच्या भागातील बारीक छिद्रामुळे दोहोंमधील पोकळीत केबिनइतकाच दाब राहतो आणि बाष्पही निघून जाते. प्रवाशाचा हात लागतो ते सर्वांत आतले तावदान केवळ संरक्षक असते.

उंचीवर तावदानाच्या प्रत्येक चौ. सेंमी.वर अर्ध्या किलोग्रॅमहून अधिक भार येतो. बोइंग ७८७ ची खिडकी सुमारे २७ सेंमी. रुंद व ४७ सेंमी. उंच असते, म्हणजे एका खिडकीवरचा भार सहाशे किलोग्रॅमच्या वर जातो. त्यामुळे तावदान आतून बसवतात. दाब वाढेल तसे ते चौकटीत अधिक घट्ट बसते.

बिघाड : ऊन, आर्द्रता आणि प्रत्येक उड्डाणागणिक वाढणारा व उतरणारा दाब यांमुळे ॲक्रिलिकवर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. चुकीच्या द्रावकाने पुसल्यासही अशा भेगा पडतात. १९९१ मध्ये फिलिपीन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर उंच वातावरणात पसरलेल्या गंधकाम्लाच्या सूक्ष्म थेंबांमुळे विमानांच्या खिडक्यांवर अशा भेगा वाढल्याचे आढळले. याशिवाय धूळ व बर्फकणांचे ओरखडे, कडांचे टवके, कडक झालेले सील आणि बुजलेले छिद्र हे नेहमीचे दोष होत.

दुरुस्ती : भेगा समोरून सहसा दिसत नाहीत; विजेरीचा झोत तिरपा टाकला की त्या चमकतात. दोष मर्यादेबाहेर असल्यास केबिनच्या भिंतीचे आतले आवरण काढून, पकडपट्ट्या सोडवून संच बाहेर घेतात आणि कार्यशाळेत सुटा करतात. ओरखडा किंवा भेग जाईपर्यंत पृष्ठभाग क्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिश कागदांनी ओला ठेवून घासतात व शेवटी पॉलिश करतात. घासताना उष्णता वाढू द्यायची नसते, कारण ताणलेले ॲक्रिलिक फार तापल्यास मूळ आकाराकडे आकसते. तसेच एकाच जागी खोल घासल्यास तेथून दिसणारे दृश्य वेडेवाकडे होते, म्हणून मोठा भाग समान उतरवावा लागतो.

यानंतरची मोजणी निर्णायक असते. उत्पादकाच्या पुस्तिकेत तावदानाची किमान जाडी ठरवून दिलेली असते. त्याहून पातळ झालेले तावदान कितीही स्वच्छ दिसले तरी बाद करतात. म्हणूनच एक तावदान मोजक्याच वेळा घासता येते. जोडणी करताना सील तपासून गरजेप्रमाणे नवे घालतात.

वैमानिकासमोरच्या काचेची गोष्ट वेगळी आहे. ती काच व प्लॅस्टिक यांच्या अनेक थरांची असून तीत तापवणारा विद्युत्‌वाहक थर असतो. थर सुटू लागले किंवा ओल आत शिरली की बहुधा काचच बदलतात.

अपघातांचे धडे : १९५४ मध्ये दोन कॉमेट विमाने हवेत फुटली. धडावरील कोनदार छेदांच्या कोपऱ्यांशी साचणारा ताण व त्यातून धातूला येणारा थकवा हे कारण निघाले. गोलसर कोपऱ्यांची खिडकी तेव्हापासून रूढ झाली. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची नुकतीच बदललेली पुढची काच उड्डाणात निखळली. तिच्या ९० बोल्टपैकी ८४ कमी व्यासाचे होते. ही काच बाहेरून बसवलेली असल्याने दाबाचा भार बोल्टांवरच होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून निघालेल्या एका एअरबसच्या खिडक्यांत दोष आढळला; आदल्या दिवशी चित्रीकरणासाठी लावलेल्या प्रखर दिव्यांच्या उष्णतेने तावदाने आकसली होती.

मिहानमधील केंद्रे : मिहानचा विकास महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी करते. एअर इंडियाने २००६ मध्ये बोइंगला ६८ विमानांची मागणी दिली. त्या व्यवहारातील बांधिलकीनुसार बोइंगने येथे सुमारे ५० एकरांवर देखभाल केंद्र उभारले. ते २०१५ मध्ये सुरू झाले. दोन हँगर असलेल्या या केंद्राचे काम एअर इंडिया इंजिनिअरिंग सर्व्हिसेस ही कंपनी पाहते. बोइंग ७७७ व ७८७ ही येथील प्रमुख विमाने. ७८७ मध्ये सरकत्या पडद्याऐवजी विजेने गडद होणारे आवरण असते. ते दाब पेलणाऱ्या तावदानांहून वेगळे असते. इंडामेर हे अरुंद धडाच्या विमानांचे केंद्रही मिहानमध्येच आहे.

इतर वाहने : कॅराव्हॅन व मोटारघरांच्या खिडक्यांतही दुहेरी ॲक्रिलिक तावदाने वापरतात. त्यांनाही भेगा, ओरखडे आणि कडक झालेले सील हेच दोष जडतात. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेले काच पुसण्याचे द्रावण दोन्हीकडे वर्ज्य. सौम्य साबणाचे पाणी व मऊ फडके वापरावे. मोटारघराच्या खिडकीवर केबिनच्या दाबाचा भार नसल्याने घासकामाला तेथे अधिक वाव असतो. विमानात मात्र प्रत्येक काम पुस्तिकेनुसार करून नोंदवावे लागते आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या केंद्रातील अधिकृत अभियंत्याच्या सहीशिवाय विमान पुन्हा सेवेत येत नाही.