‘वदरिंग हाइट्स’
इंग्लिश गायिका केट बुश हिने अठरा वर्षांची असताना लिहिलेले, जानेवारी १९७८मध्ये प्रसिद्ध झालेले गाणे. आधार एमिली ब्राँटेच्या याच नावाच्या कादंबरीचा (१८४७, प्रथम प्रकाशन ‘एलिस बेल’ या टोपणनावाने). ‘वदरिंग’ हा बोलीतला शब्द उघड्या माळावरच्या सोसाट्याच्या वाऱ्याला लावतात. कादंबरीची मृत नायिका कॅथरीन रात्री खिडकीशी येऊन आत घेण्याची विनवणी करते, हा प्रसंग कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणातला. मात्र तेथे खोलीत असतो तो लॉकवुड हा परका भाडेकरू. गाण्याने त्याला सरळ वगळून कॅथरीनला थेट तिच्या प्रियकराशी, हीथक्लिफशी, बोलते केले. बदल छोटा, पण गाण्याचा जीव त्यातच आहे. ब्रिटनमध्ये हे गाणे चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.