गॅलरीतला गवती चहा नेमका कोणत्या काळातला?

डोंबिवलीतल्या कोणत्याही जुन्या सोसायटीखाली उभे राहून वर पाहावे. ग्रिलमधल्या कुंड्यांत तुळस, गवती चहा, पानओवा, कोरफड यांपैकी दोन-तीन तरी हमखास दिसतात. तळमजल्यावर कुंपणालगत अडुळसा असतो. हे कधीपासून, असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘आजीच्या आजीपासून.’ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे उत्तर पुरत नाही. म्हणून हा धागा.

पहिली अडचण साधनांची. कल्याण हे प्राचीन बंदर. ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा उल्लेख आहे, कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. सहाव्या शतकातला कॉस्मस येथून तांबे, लाकूड आणि कापड बाहेर जाते असे लिहितो. जे जहाजात चढले किंवा दानात दिले गेले, त्याची नोंद झाली. परसात उगवून चुलीवरच्या काढ्यात संपलेल्या पाल्याची नोंद कोण ठेवणार?

पोर्तुगीज काळात चित्र थोडे पालटते. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्या बेटावरचा आपला आंबा वर्षातून दोनदा फळतो, असेही तो सांगतो. मला मात्र त्या ग्रंथातले एक दुय्यम पात्र अधिक महत्त्वाचे वाटते. विद्वानांची चर्चा चालू असताना ताजी वनस्पती दाखवायची वेळ आली की ती आणून देते अंतोनिया ही दासी. झाड कुठे आहे, हे तिला ठाऊक असते. ग्रंथावर नाव मात्र ओर्ताचे.

एकोणिसाव्या शतकात ही दरी काहीशी बुजवली ती डॉ. सखाराम अर्जुन यांनी. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते आणि १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी एक होते. त्यांनी १८७९ साली मुंबईच्या औषधींची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात बाजारातल्या वाळलेल्या मालाबरोबरच ताज्या स्थितीत वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींची वेगळी यादी आहे. हा भेद मोलाचा आहे. वाळलेली काष्ठौषधी गांध्याच्या दुकानातून येते. ताजी मात्र दाराशी किंवा शेजारी उगवलेली असावी लागते. पुढे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथांनी हे ज्ञान सामान्य वाचकापर्यंत पोहोचवले.

आता कुंड्यांकडे वळू. येथे नावे हीच साधने.

‘गवती चहा’ हे नावच पाहा. संस्कृत वैद्यकातले भूस्तृण म्हणजे हेच गवत, असे बरेच अभ्यासक मानतात. तसे असेल तर गवत जुनेच. पण त्याला ‘चहा’ म्हणायला आधी चहा घरात यावा लागतो. आसामातली लागवड १८३०च्या दशकातली, देशभर चहाचा प्रचार करण्यासाठी पैसा उभा करणारा चहा उपकराचा कायदा १९०३चा. मराठी मध्यमवर्गात चहा रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी. दुकानातली कोरडी पूड एकीकडे आणि कुंडीतली ओली पात दुसरीकडे, अशी तुलना झाल्यावरच ‘गवती चहा’, ‘पातीचा चहा’ ही नावे सुचतात. गुजरातीत त्याला ‘लीली चा’ म्हणतात, तेही याच वळणाचे. आजीच्या आजीला हे गवत कदाचित माहीत असेल, पण ती त्याला दुसऱ्याच नावाने ओळखत असावी.

पानओवा तर ओवाच नव्हे. ओव्याचे कूळ निराळे. हा तुळशीच्या कुळातला, मूळचा आफ्रिकेचा. त्याच्या शास्त्रीय नावात मात्र इंडोनेशियातले अंबोन बेट आहे. ज्याची आपण खास ‘आपली’ म्हणून भजी तळतो, तो हिंदी महासागराचा प्रवासी निघतो. कोरफडीचे मूळही अरबस्तानात सापडते.

अडुळशाची वाट उलट दिशेची. डेव्हिड हूपर यांनी १८८८ साली त्याच्या पानांतून व्हॅसिसिन वेगळे केले. त्याच्याच धर्तीवर पुढे ब्रोमहेक्सिन तयार झाले. कफ सिरपच्या बाटलीवर आज ते नाव वाचायला मिळते.

येथवर हे सारे रंजक. आता जे रंजक नाही ते.

२०२०च्या टाळेबंदीत आमच्याकडे कुणीतरी गुळवेल म्हणून कांडे आणून दिले. आजीचे आयुष्य कल्याणच्या पारनाक्यावरच्या वाड्यात गेलेले. तिने कांड्याची साल नखाने खरवडली, वास घेतला आणि ते लावू दिले नाही. का, हे मी विचारले नाही. प्रबंधासाठी मी मोडीची रुमाले सोडत होतो आणि घरातले साधन समोर बसले होते. २०२२ साली आजी गेली.

त्याच २०२० साली सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा आढळली. २०२१ साली तो निबंध छापून आल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: ही दुसरीच, दिसायला सारखी वेल असावी, जिच्या कांडावर उंचवटे असतात. पुढच्या वर्षी अनेक केंद्रांच्या अभ्यासात खऱ्या गुळवेलीबाबतही तशीच नोंद झाली. म्हणजे वेल ओळखता आली तरी प्रश्न संपत नाही, आणि ओळखता आली नाही तर तो आणखी गुंतागुंतीचा होतो. संदेशांतून काढ्याची कृती फिरते. नखाने साल खरवडून काय पाहायचे, ते फिरत नाही.

वाडे आणि चाळी पुनर्विकासात जात आहेत. कुंड्या नव्या घरी नेता येतात, अंगणातला अडुळसा नेता येत नाही. मी सध्या एक वही भरतो आहे: झाडाचे घरातले नाव, ते कुणाकडून आले, साधारण कोणत्या वर्षी, कशासाठी वापरले आणि कुणाला द्यायचे नाही. हा शेवटचा रकाना आईने सुचवला, आणि सर्वांत भरगच्च तोच आहे.

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, शहाड, टिटवाळा, जिथे असाल तिथून घरातल्या मोठ्यांना विचारून खाली लिहा. गवती चहाला तुमच्या पणजीकडे दुसरे नाव असेल, तर ते आधी लिहा, गावासकट.