अष्टग्रही आणि आभाळातली धूळ

फेब्रुवारी १९६२ चा पहिला आठवडा आमच्या वसईत कसा गेला, हे सांगितले की नातवंडे हसतात. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार आणि पृथ्वी बुडणार, अशी हूल उठली होती. देवळात होमहवने चालली होती. आजीने शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखरही घाईने परत केली. देणे डोक्यावर घेऊन बुडायला नको! बाबा मात्र नेहमीच्या गाडीने चर्चगेटला गेले आणि नेहमीच्या गाडीने परत आले. चौथ्या दिवशी पृथ्वी जागेवरच आहे असे पाहून मंडळी, खरे सांगायचे तर, थोडी हिरमुसलीच.

गंमत अशी की, त्याच सुमारास आभाळातून खरोखरच काहीतरी खाली येत होते आणि त्याबद्दल आमच्या वाडीत कोणी चकार शब्द काढीत नव्हते. १९६१ आणि ६२ या दोन वर्षांत रशिया आणि अमेरिका यांनी उघड्या हवेत अणुबॉम्ब फोडण्याचा सपाटा लावला होता. त्यांची सूक्ष्म धूळ उंच वातावरणात महिनोन्‌महिने फिरे आणि पावसाबरोबर कोठेही उतरे. तिच्यात स्ट्राँशियम-९० असे. हे द्रव्य मोठे लबाड. हाडे त्याला कॅल्शियम समजून आत घेतात. पावसातून गवतात, गवतातून म्हशीच्या दुधात आणि दुधातून पोराच्या हाडांत, असा त्याचा प्रवास. निम्मे व्हायलाच त्याला सुमारे २९ वर्षे लागतात.

आम्हांला ठाऊक नव्हते, पण कोणीतरी हे मोजीत होते. तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रातले शास्त्रज्ञ हवा, पाऊस आणि दूध यांचे नमुने घेत होते. या मोजणीची कुळकथा १९५४ पासून सुरू होते. त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब उडवला आणि दूर अंतरावर ट्यूना पकडणाऱ्या एका जपानी होडीवर पांढरी राख पडली. होडीत २३ कोळी होते. सारे आजारी पडले आणि कुबोयामा नावाचा त्यांचा बिनतारी यंत्रचालक २३ सप्टेंबरला वारला. नायगाव-अर्नाळ्याचा कोळी ज्या भरवशावर होडी पाण्यात लोटतो, त्याच भरवशावर ही माणसे निघाली होती.

२ एप्रिल १९५४ रोजी नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. पण नुसत्या मागणीने भागत नाही, हेही त्यांनी ओळखले. ज्यांनी बॉम्ब फोडले तेच त्याचे परिणाम सांगणार, आणि तेही सोयीपुरते! म्हणून सरकारने संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार दौलतसिंग कोठारी यांना उपलब्ध माहिती तपासून एक ग्रंथ तयार करायला सांगितले. त्या कामात भाभा आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा हात होता. १९५६ साली सरकारच्या प्रकाशन विभागाने तो ग्रंथ छापला. प्रस्तावना नेहरूंची. एका गरीब देशाच्या सरकारने, स्वतःजवळ एकही बॉम्ब नसताना, सामान्य वाचकाला या विषयात पुस्तक द्यावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

खानोलकर मुंबईचे, विकृतिशास्त्रज्ञ. १९५२ साली परळला सरकारने उभारलेल्या कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक. डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करायला पंधरा देशांची समिती नेमली, तिच्यात भारताच्या वतीने तेच बसले. तुर्भ्याला जीवशास्त्राची धुरा गोपाल अय्यंगारांकडे होती.

आता अडचण अशी, की थोड्या किरणांनी माणसाला काय होते हे कळावे कसे? माणसांवर प्रयोग करता येत नाही. पण केरळात चवरा-नींडकराच्या किनाऱ्यावर निसर्गानेच तो मांडून ठेवला होता. तिथल्या काळ्या वाळूत मोनाझाइट, त्यात थोरियम. आणि त्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी कोळ्यांची गावे. १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी या जागेकडे बोट दाखवले. आधी तिथले उंदीर तपासले गेले. १९६६ च्या अहवालात त्यांच्यात ठळक फरक आढळला नाही. मग तुर्भ्याच्या लोकांनी हजारो रहिवाशांच्या अंगावरची मात्रा मोजली. १९७६ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी मात्र ‘नेचर’मध्ये लिहिले की, या वस्तीत गुणसूत्रांचे दोष अधिक दिसतात. अणुशक्तीच्या शास्त्रज्ञांना ते पटले नाही. वाद चांगलाच रंगला. पुढे २००९ साली सुमारे ७० हजार माणसांच्या दहा वर्षांहून अधिक पाहणीत कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

हा निकाल मला पटतो. तरी एक गोष्ट खटकत आली आहे. जे खाते भट्ट्या बांधते, त्याच खात्याने त्यांचा अपाय मोजायचा, ही व्यवस्था काही फार सुखाची नव्हे. दिल्लीच्या डॉक्टरांचा आकडा टिकला नसेल, पण तो बाहेरून आला, म्हणून आतल्यांना पुन्हा मोजावे लागले.

उघड्या हवेतल्या चाचण्यांवर १९६३ साली तीन बड्या राष्ट्रांनी बंदी मान्य केली; आपणही ८ ऑगस्टला सही केली. १९६९ साली आमच्याच किनाऱ्यावर, बोईसरच्या पलीकडे तारापूरला, अणुवीजघर सुरू झाले. त्याच्या आधीपासून तिथले पाणी, गाळ, मासळी यांची मोजणी चालू होती. ते आकडे जाडजूड इंग्रजी अहवालांत असतात. वसईच्या बाजारात मी पापलेट हातात घेऊन उभा राहतो, तेव्हा हमी मिळते ती एवढीच: “ताजी हाय दादा, आजचीच हाय.”